मिठाचा हात

सकाळी दूध गॅसवर ठेवून वैभवीनं सवयीनं मोबाइल हातात घेतला, आणि पाहते तर काय, तिचं पान ओकंबोकं. वरचं सगळं जागच्या जागी होतं. पितळी परातीतल्या लालभडक तिखटाचा फोटो, त्याखाली तिचं नाव, हुडकेश्वरचा पत्ता, ‘भिवापुरी मिरचीचं घरगुती तिखट, फक्त मिरची, दुसरं काही नाही’ ही तिनं स्वतः रचलेली ओळ. पण त्या ओळीखाली कालपर्यंत पाच-पाच ताऱ्यांची रांग लागलेली असायची, सरकवता सरकवता अंगठा थकावा एवढी लांब, ती गायब. उरला होता एकच अभिप्राय, दोन ताऱ्यांचा, सुभद्रा वैरागडे या बाईचा. चोरानं घरातली सगळी भांडी न्यावीत आणि नेमकी फुटकी कढई तेवढी ठेवून जावी, तसं तिला झालं. दूध उतू गेलं ते वासानं कळलं. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. तेवढा वेळ मोबाइलकडे पाहावं लागत नव्हतं, याचाच तिला आधार वाटला.

रितिकाचा निरोपही येऊन पडला होता. ‘चवदार नागपूर’ हा गट रितिका चालवायची. घरी काही बनवून विकणाऱ्या बायकांना तिथं एकेक पान मिळायचं, आणि घेणाऱ्यांनी तिथंच खाली बरं-वाईट लिहायचं, तारे द्यायचे. नियम थोडे होते पण कडक होते: घेतलं असेल तरच लिहा, फुकट मिळालं असेल तर तसं सांगा, आणि विकणारीशी नातं असेल तर नातं लिहा. या तिसऱ्या नियमामुळेच सगळं नागपूर त्या गटावर डोळे मिटून विश्वास टाकत असे. टीव्हीवरच्या जाहिरातीला जे लोक हसतात तेच लोक रितिकाच्या गटावर कुणी चार ओळी लिहिल्या की दुसऱ्या दिवशी पापड मागवायचे. रितिकानं रागावून काही लिहिलं नव्हतं, हेच जास्त लागलं. ताई, तुमच्या पानावरचे बहुतेक अभिप्राय एकाच दुपारी, एकाच घरातून आलेले दिसतात, म्हणून ते काढले आहेत. यातले आपले लोक कोण आणि बाहेरचे कोण ते मला सांगा, बाहेरचे मी परत ठेवते, असा साधा निरोप. सोबत नावांची यादी. वैभवी यादीवरून बोट फिरवत गेली. मोठ्या आत्या. आत्यांचे जावई. मावससासूबाई. मंडपवाला. आचारी. आणि हे काय, भटजीसुद्धा. बाहेरचा माणूस म्हणून सांगावा असा त्यातल्या त्यात भटजीच निघाला, आणि तो तर कांदा-लसूण नसलेलं, तिखट नसलेलं जेवून गेला होता.

हे सगळं भैयाजींचं कर्तृत्व. भैयाजी म्हणजे जितेंद्रचे काका, वैभवीचे चुलत सासरे. जन्मभर ठेकेदारी केलेला, मोठ्या आवाजाचा, मनानं लोण्यासारखा आणि हातात माईक आला की न आवरणारा माणूस. होळी होऊन थोडे दिवस झाले होते, हुडकेश्वरातच त्यांनी बांधलेल्या नव्या घराची वास्तू होती, उन्हात मंडप तापलेला, दोन मोठे कूलर घरघरत होते आणि पंगतीला वांग्याची भाजी होती, तिच्यात वैभवीचंच तिखट. भैयाजी माईकवरून आहेर पुकारत होते, अमक्याकडून टॉवेल-टोपी, तमक्याकडून भांडं, आणि पुकारता पुकारता त्यांना काय सुचलं कोण जाणे, ते म्हणाले की आपल्या घरच्या सुनेच्या तिखटाले कोण्या बाईनं दोनच तारे दिले आहेत, हा आपल्या घराण्याचा अपमान आहे, तेव्हा सगळ्यांनी आपापला मोबाइल काढावा, माझ्या घरचं वायफाय घ्यावं, आणि पोरीले पाच-पाच तारे आहेर करावे. पासवर्डसुद्धा त्यांनी माईकवरूनच सांगितला. पंगतीत हशा पिकला. ज्यांना जमत नव्हतं त्यांना पोरांनी खाती उघडून दिली. वैभवी वाढत होती. हातात भाजीची बादली होती, पदर खोचलेला, चेहरा घामानं चमकत होता, आणि ती नको-नको म्हणत होती. पण खरं सांगायचं तर तिला फार फार बरं वाटत होतं. आपल्यासाठी एवढी माणसं एकदम काही करताहेत, असं तिच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

तिखट हे तिचं स्वतःचं होतं. घर सासऱ्यांनी बांधलेलं, पगार जितेंद्रचा, मुलगी खुशी तर शाळेची आणि क्लासची झालेली. या सगळ्यात ‘हे माझं’ म्हणावं असं काही नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं भिवापूरची मिरची आणून गच्चीवर वाळवली, कांडून आणली, पुड्या बांधल्या, तेव्हापासून ते झालं. बाजारात कुणी ओळख करून देताना ‘जितेंद्रच्या मिसेस’ म्हणायचं ते ‘तिखटवाल्या वैभवीताई’ म्हणायला लागलं, तेव्हा ती दिवसभर घरात गुणगुणत होती. म्हणून, गटावर नुकतंच पान मिळाल्यावर आलेले ते पहिलेच दोन तारे तिला एवढे झोंबले. होळीच्या आदल्या दिवशी तिनं ते वाचले, पहिल्या दोन ओळी वाचल्या न वाचल्या तोच तिच्या डोळ्यांपुढे तिरमिरी आली. मीठ आहे म्हणे. माझ्या तिखटात भेसळ? जिनं देठ खुडता खुडता बोटांची आग आग करून घेतली, जी शिंकून शिंकून अर्धी झाली, तिला ही कोण कुठली बाई शिकवणार? मानेवाड्यात तिखट विकणाऱ्या त्या दुसऱ्या मसालेवालीनंच हे लिहून घेतलं असणार, अशी तिची खात्रीच झाली होती, आणि पुढचं तिनं धड वाचलंच नव्हतं. नंतर वास्तू झाली, ताऱ्यांचा पूर आला, आणि त्या पुरात ती बाई खाली कुठंतरी बुडून गेली. आज पूर ओसरला होता आणि बाई जागच्या जागी उभी होती.

आता तिनं ते सावकाश वाचलं. ‘रंग छान. वास छान. पण या तिखटात मीठ आहे, आणि पुडीवर फक्त मिरची असं लिहिलं आहे. ते वाचून घेतलं होतं. आमच्या घरी मीठ बंद असलेला माणूस आहे.’ बस. एवढंच. ना शिवी, ना टोमणा. शेवटच्या वाक्यापाशी वैभवी थांबली. मीठ बंद असलेला माणूस. तिच्या माहेरी काटोलला शेजारच्या काकांचं मीठ बंद केलं होतं डॉक्टरनं, हृदयाचं काही होतं, आणि ते एका लग्नात लोणचं खाऊन आले, दम लागून बसले, ते उठलेच नाहीत, असं सगळे म्हणायचे. लोणच्यानं की कशानं, देव जाणे. पण ते पांढरे केस, ती पायऱ्यांवर बसलेली आकृती, छातीवर धरलेला हात, हे तिनं परकर-पोलक्यातल्या वयात पाहिलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनी ती पायरी स्वच्छ दिसली. होळीपासून आजपर्यंत त्या बाईनं गटावर पुन्हा काही लिहिलं नव्हतं. वैभवीनं शोधलं. त्याआधी ती बाई दर आठ-पंधरा दिवसांनी काहीबाही लिहायची, पापडात सोडा जास्त, लाडू बरे, शेवया तुटतात. होळीनंतर एक अक्षर नाही.

जितेंद्र डबा घेऊन निघाला होता. तिनं त्याला दारातच सांगितलं. त्यानं हेल्मेट घालता घालता ऐकलं आणि म्हणाला, ‘तू काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली? फोन लाव त्या बाईले, विचारून टाक.’ माणूस वाईट नाही, पण फोन लावून विचारायचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. तुमच्या घरचा माणूस आहे ना अजून, असं विचारायचं? जुन्या निरोपांत बाईचा नंबर होता, पत्ताही होता, गांधीबागेतला, कापडाच्या दुकानाच्या वर. वैभवीनं नंबरावर बोट ठेवलं तर बाजूला छोटा फोटो उघडला, आणि त्यात बाई नव्हती. एक वयस्कर माणूस होता, कपाळाला गंध, हात जोडलेले, एकटाच. आपल्याकडे बायका स्वतःच्या फोटोच्या जागी नवऱ्याचा एकट्याचा फोटो केव्हा लावतात? वाढदिवसाला लावतात. किंवा मग. तिनं मोबाइल उपडा ठेवला. तिला राग यायला लागला, तोही कुणावर ते कळेना. भैयाजींवर, त्यांच्या माईकवर, त्या जोडलेल्या हातांवर. मीठ बंद होतं तर बाहेरचं तिखट आणलं कशाला, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि लगेच ते वाक्य समोर आलं, ‘ते वाचून घेतलं होतं.’ तिनंच लिहिलेलं वाचून.

पण मीठ कुठून आलं? ही तर गंमत होती, आणि वैभवीला ती आता गंमत वाटत नव्हती. फक्त मिरची, हे तिनं खोटं लिहिलं नव्हतं. लिहिताना तिच्या मनात खोट्याचा लवलेशही नव्हता. तिनं आईला फोन लावला. रुखमाबाई काटोलला मोसंबी-संत्र्यांच्या बागेतल्या घरात एकट्याच असायच्या, फोन कानापासून हातभर लांब धरून बोलायच्या. वैभवीनं विचारलं की आई, आपण तिखटात काय काय घालतो? आईला प्रश्नच कळला नाही. तिखटात काय घालणार, मिरची. मग वैभवी म्हणाली, आणि मीठ?

‘मीठ नाही घालत वं आपण,’ आई म्हणाली. ‘मिठाचा हात लावतो. पोरकिडे पडू नयेत म्हणून. मिठाचा हात लावणं म्हणजे काय मीठ घालणं हाय का?’

आणि हेच, अगदी हेच वैभवीही म्हणाली असती. तिच्या नजरेपुढे ती गच्ची उभी राहिली, चैतातली, पायाला चटके बसणारी; आई पदरानं नाक बांधून बसलेली, पोरीबाळी देठ खुडताहेत, कुणी डोळ्याला हात लावला की रडारड. मिरची कडकडीत वाळली की तेलाचा हात. कांडून आली की मिठाचा हात. पहाटे उठून चूल पेटवण्याआधी जसा जमिनीवरून पोतेरा फिरवतात आणि त्याला कुणी काम म्हणत नाही, तसाच तो हात; तो मोजण्यातला नव्हताच. आईचा हात मोठा होता, मूठभरून मीठ घ्यायची आणि तिखटाच्या ढिगावरून अशी मायेनं फिरवायची की पाहणाऱ्याला वाटावं, लेकराला पावडर लावते आहे. वैभवीनं तोच हात उचलला होता. त्या हाताला पुडीवर जागा द्यायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिच्या मनातही आलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत असतं म्हणून लिहायचं नसतं. आणि गांधीबागेतल्या त्या बाईच्या घरात ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिनं परातीतलं चिमूटभर तिखट जिभेवर टाकलं. इतकी वर्षं खाल्लेलं तिखट. जाळ झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या जाळाच्या मागे, अगदी स्पष्ट, खारट. आजपर्यंत तिला ती मिरचीचीच चव वाटत आली होती.

मग घरात बसवेना. तिनं कूलर बंद केला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला, स्कूटी काढली. एप्रिलातलं ऊन डोक्यावर आलं होतं. सक्करदऱ्याच्या सिग्नलला सगळे सावलीत, मागे लांब थांबले होते, ती एकटी पुढे पांढऱ्या पट्ट्यावर उन्हात उभी, आणि मनात एकच वाक्य घोळत होतं, ‘मी तिखटवाली.’ असं म्हणायचं की वैभवी म्हणायचं? सोबत काही न्यावं का, असंही तिला निघताना वाटलं होतं; आपल्याकडे रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाहीत. पण पुडी नेली तर ती लाच दिसली असती, आणि फळं नेली तर दुखवट्याला आल्यासारखं दिसलं असतं. म्हणून ती रिकाम्या हातानंच निघाली, आणि सबंध रस्ताभर तिला ते हात जड लागत होते. समजा दार उघडलं आणि आत कुणी पांढऱ्या साडीत. समजा तेरावंही झालं असेल. तुमच्या अभिप्रायावर आम्ही मंडपभर माणसं बसवून तुम्हाला खोटं पाडलं, हे त्या दारात उभं राहून सांगायचं. समजा त्या बाईनं तेव्हाही, त्या घाईतही, मोबाइल उघडून पाहिला असेल आणि आपल्या चार ओळींवर पाच-पाच ताऱ्यांचा ढीग पडलेला पाहिला असेल. म्हणून तर ती गप्प झाली नसेल?

गांधीबागेत दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. दुकानांतून गाद्यांवर माणसं लवंडलेली होती, खळ लावलेल्या नव्या कापडाचा वास गल्लीभर साचला होता, आणि त्या वासानं तिला मिरची खुडताना येते तशी शिंक आली. पत्त्यातलं दुकान चालू होतं, गादीवर कोणी तरुण माणूस होता. त्याला विचारायचं धाडस झालं नाही. बाजूनं अरुंद जिना वर गेला होता. वैभवी चढली. वरच्या दारासमोर चपला होत्या, बायकी जोड, आणि एक मोठा, जुना, अंगठा झिजलेला पुरुषी जोड. पण चपला काय, राहतात. चपला लगेच कुणी काढत नाही. ती बेलकडे हात नेऊन थांबली.

आणि आतून आवाज आला. कुणीतरी चूळ भरत होतं. चूळ कसली, घसा खाकरून, खर्जात, मग वरच्या पट्टीत, मग पुन्हा खर्जात, सगळ्या गल्लीला ऐकू जावं अशी. घरोघरी बायका ज्या आवाजाला कंटाळलेल्या असतात, तो आवाज. बाईमाणूस असं खाकरत नाही. वैभवी जिन्याच्या भिंतीला टेकली. तिला रडू आलं की हसू आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. एवढं मात्र खरं की तिनं आजपर्यंत ऐकलेल्या आवाजांत तो सगळ्यात गोड होता. आहे, आहे, माणूस आहे, असं ती मनातल्या मनात म्हणाली, आणि मग बेल वाजवली.

दार उघडलं ते सुभद्राबाईंनीच. ठेंगण्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, हाताला कणीक.

‘मी तिखटवाली,’ वैभवी म्हणाली.

‘कोणची तिखटवाली?’

‘दोन ताऱ्यांची.’

बाईंनी मनगटानं चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, ‘अवं माय. उन्हातान्हाची आली का तू? ये ना आत, पाणी घे आधी.’

आत खिडकीला पाण्यानं भिजलेला वाळ्याचा पडदा होता आणि पलंगावर फोटोतला तो माणूस, गंध, बनियन, टॉवेलनं तोंड पुसत, हात मात्र आज जोडलेले नव्हते. हे महादेवराव. खालचं दुकान जन्मभर त्यांनी चालवलेलं, आता भाड्यानं दिलेलं. वैभवीनं पाणी घेतलं आणि ज्या ओळी रस्ताभर मनात जुळवल्या होत्या त्यांतली एकही न आठवून, हात कसा फिरवतात, आई काय म्हणाली, माईक, वास्तू, आहेर, सगळं उलटंसुलटं सांगून टाकलं. मध्येच महादेवरावांना हसू यायला लागलं. सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की तेलाचा आणि मिठाचा हात त्यांच्याही माहेरी लावायचे, त्यांना का ठाऊक नाही? म्हणूनच तर घरचं बंद करून तुझ्या पुडीवर लिहिलेलं वाचून घेतलं. फक्त मिरची लिहिलं आहे, म्हणजे या पोरीनं हात लावला नसेल, असा विश्वास ठेवला. तो मोडला, तेवढं लागलं. वैभवीनं खाली मान घातली.

मग मीठ सापडलं कसं, ते त्यांनी सांगितलं. महादेवरावांना हृदयाचा त्रास झाल्यापासून घरात आळणी रांधलं जायचं, आणि लग्न झाल्यापासून हा माणूस एकदाही मुकाट जेवला नव्हता, तो आळणी झाल्यावर काय गप्प बसतो? रोज ताटावर भांडण. वरण म्हणजे पाणी, भाजी म्हणजे पाला, मी काय बैल आहे का. आणि एक दिवस तो गप्प जेवला. दुसऱ्या दिवशीही. भाकरीवर तिखट घेतलं, त्यात तेल ओतलं, बोटानं कालवलं आणि पहिल्यांदा ‘हं’ म्हणाला. सुभद्राबाईंना आधी वाटलं माणूस सुधारला. मग त्यांना भीती वाटली, की एवढा गप्प का, जीवाला काही झालं तर नाही? तोवर पायांवर सूज दिसायला लागली. डॉक्टर विचारायला लागले, खाण्यात काय बदललं? काही नाही, बाई म्हणाल्या, आणि घरी येऊन त्यांनी एकेक डबा उघडून जिभेवर ठेवून पाहिला.

‘मले पहिल्याच घासाले समजलं होतं,’ महादेवराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा पत्ता नव्हता. ‘पण मी काहून सांगू? इतक्या दिवसांनी जेवून राहिलो होतो मी.’

सूज उतरली होती. तिखट बंद केल्यावर आठवड्यात उतरली. डॉक्टर म्हणाले, नुसत्या भाजीतल्या तिखटानं एवढं झालं नसतं, पण वाटीनं खाल्लं तर होणारच. आणि होळीनंतर गटावर काही लिहिलं नाही ते नातीच्या परीक्षेपायी, मुलीकडे गेली होती दोघंही. फोटो नातीनंच काढला होता आणि हौसेनं लावून दिला होता. एवढंच होतं सगळं. वैभवीनं केवढा डोंगर उभा केला होता सकाळपासून, आणि तो असा खिचडीच्या वाफेसारखा विरून गेला. तिला एकदम खूप भूक लागली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सुभद्राबाईंनी विचारलं नाही, ताटच वाढलं. आळणी वरण, आळणी वांगं, आणि तिच्यापुरतं बाजूला मीठ. तिनं ते मीठ घेतलं नाही. जेवण बेचव होतं, आणि ती शेवटच्या घासापर्यंत जेवली.

निघताना जिन्याच्या तोंडाशी वैभवी म्हणाली की तुम्ही दोन तारे दिलेत, एकच द्यायला हवा होता.

‘एकच देणार होती मी,’ सुभद्राबाई म्हणाल्या. ‘दुसरा यांनी भांडून द्यायले लावला. म्हणे माझ्याकडून एक.’

परतीच्या वाटेवर ऊन तेवढंच होतं, पण वैभवी सिग्नलला मागे, झाडाच्या सावलीत थांबली, आणि दुपट्ट्याच्या आत हसत राहिली. घरी येऊन तिनं आधी ती ओळ खोडली. त्या जागी लिहिलं: मिरची, तेल, मीठ. वाचायला काही फार देखणं नव्हतं. लिहिल्यावर मात्र तिला असं हलकं वाटलं की तिनं ते पुन्हा दोनदा वाचलं. मग रितिकाला कळवलं, की यादीतले सगळेच माझे आहेत, मंडपवाला जितेंद्रचा शाळेतला मित्र, भटजी कुळाचे, कोणालाही परत ठेवू नका. तो एक खरा आहे तेवढा असू द्या. रितिकाचं उत्तर आलं की नातं लिहून परत येत असतील तर हरकत नाही, घरच्यांसाठी वेगळी जागा आहे. हे भैयाजींना सांगायला गेल्यावर ते आधी भडकले. दिलेला आहेर कोणी परत करते का, आणि त्या भाजीत तुझंच तिखट होतं, मग खोटं कोण बोललं? वैभवी म्हणाली, काकाजी, आहेर पुकारताना तुम्ही आधी नाव सांगता, मग नातं, मग भांडं. इथं नातं तेवढं राहून गेलं. आपल्याच माईकवरच्या शिस्तीत आपण चुकलो, हे त्यांना लागलं असावं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं, चष्मा लावून लिहिलं, ‘मी तिचा चुलत सासरा. वांग्याची भाजी खाल्ली. पाच तारे.’ ते घरच्यांच्या रांगेत जाऊन बसलं, आणि आत्या, मावससासूबाई, एकेक करून सगळे आपापलं नातं लावून मागोमाग आले. भटजी मात्र आले नाहीत.

पुढच्या खेपेला वैभवीनं दोन पराती मांडल्या. एकीत आईचा हात फिरला. दुसरीत तिनं मीठ लावलं नाही, आणि ते न लावणं हाताला किती अवघड गेलं हे तिचं तिलाच ठाऊक. हात आपोआप बरणीकडे जायचा, ती तो मागे घ्यायची. पोरकिडे पडू नयेत म्हणून ते तिखट जास्तीचं एक ऊन देऊन बंद बरणीत भरलं. पुडीवर लिहिलं, मिरची आणि तेल. आईला फोनवर सांगितलं तर रुखमाबाई म्हणाल्या, टिकणार नाही ते, आणि वैभवी म्हणाली, लवकर संपवा असंही लिहिलं आहे आई. पहिली पुडी गांधीबागेत गेली, सुभद्राबाईंनी रीतसर मागवलेली. मग काही दिवस वैभवीनं पान उघडलं नाही. भीती वाटत नव्हती, तसं काही नव्हतं. दोन ताऱ्यांची तिला सवय झाली होती आणि त्यांतला एक कुणाचा आहे हे ठाऊक झाल्यापासून ते पान तिला ओकंबोकं वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी जितेंद्रनंच मोबाइल आणून तिच्यापुढे धरला. हाताला तिखट लागलेलं होतं म्हणून तिनं तो हातात घेतला नाही, तशीच वाकून वाचू लागली. सुभद्रा वैरागडे. ‘नातं: काही नाही. मीठ नाही, जिभेवर ठेवून पाहिलं. तेल आहे, पण ते लिहिलं आहे. चार तारे. पाचवा यांनी देऊ दिला नाही.’